पंधरा मिनिटांवरचं कर्कवॉल

ऑर्कनी बेटांवर जाऊन आलेल्या आपल्या लोकांनी मंडळाच्या अंकात याआधीही लिहिलं आहे. रंगीत चोचीचे पफिन पक्षी, समुद्रात उभे असलेले दगडी सुळके, हजारो वर्षांपूर्वीची घरं, जून महिन्यात उशिरापर्यंत रेंगाळणारा उजेड. मला यातला उजेड तेवढा दिसला, तोही पांढरा. मी गेलो तेव्हा धुकं होतं. शिवाय मी सहलीला गेलोच नव्हतो, ताईला आणायला गेलो होतो. तरी लिहितोय, कारण तुमच्यापैकी कोणाची तरी मुलगी, सून, बहीण उद्या अशाच एखाद्या जागी नोकरीला जाईल. मग तुम्ही फोनवरच्या नकाशात दोन विमानतळांमधलं अंतर बघाल आणि म्हणाल, अगं, पंधरा मिनिटांचं तर विमान आहे. आम्हीही तेच म्हणालो होतो.

आधी माणसं सांगतो. मुक्ताताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा सारंग, म्हणजे माझे भाऊजी, भरती-ओहोटीच्या प्रवाहावर वीज तयार करणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर आहेत. ती यंत्रं जिथे समुद्रात सोडून तपासतात तिथल्या एका लहान बेटावर दोघं राहतात. बेटाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांची नावंही बदलली आहेत. तिथे इतकी थोडी माणसं आहेत की नाव लिहिलं तर प्रत्येकजण ओळखू येईल, आणि तसं करणार नाही असा शब्द मी देऊन आलोय. ताई घरी बसून लंडनच्या एका कंपनीचं काम करते. मी लीड्सला आईबरोबर असतो. बंद होणाऱ्या बस वाचवणारा आमचा एक छोटा गट आहे. मी पत्रकं लिहितो, कौन्सिलच्या सभेत उभा राहून ओरडतो. आई याला 'चिन्मयचं आरडाओरड खातं' म्हणते.

आता मूळ चूक. बेटावर हॉस्पिटल नाही, एक नर्स असते. बाळंतपणाला कर्कवॉलला जायचं, तेही तारखेच्या बरंच आधी जाऊन तिथे राहायचं, हा तिथला नियम. आईचा नियम वेगळा. आठव्या महिन्यात बाईने प्रवास करायचा नाही. सातव्यात चालेल, नवव्यात चालेल, आठव्यात नाही. का, विचारलं तर नाही म्हणजे नाही. एवढ्यावरही भागलं असतं. पण आई महिने मोजते ते पाळी चुकली त्या दिवसापासून, आणि नर्स आठवडे मोजते ते त्याच्या आधीच्या पाळीपासून. दोघींच्या हिशेबात जवळजवळ एका महिन्याचा फरक. आईचा आठवा चालू होता तेव्हा नर्सचा नववा चालू होता. ताईला हे कळत नव्हतं असं नाही, दिवसभर आकडेच तर बघते ती. पण नर्सची भेट आठवड्यातून एकदा आणि आईचा फोन रोज दोनदा.

तेव्हा आईचा नववा लागल्याबरोबर माझी रवानगी झाली. मुराळी म्हणून. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सासरी असलेल्या बहिणीला माहेरी न्यायला जातो तो भाऊ म्हणजे मुराळी. मी म्हटलं, भाऊजीच आणतील की. आई म्हणाली, "पहिल्या बाळंतपणाला नवऱ्याने माहेरी नेऊन टाकायची पद्धत नाही आपल्यात. माझा गुडघा बरा असता तर तुझ्या तोंडाला लागले नसते." ठरलं ते असं: भाऊजींनी कर्कवॉलला हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली होती. मी बेटावर जायचं, दुसऱ्या दिवशी ताईला त्या खोलीत आणायचं, आणि पुढच्या आठवड्यात आई येणार. माहेरच उचलून तिकडे न्यायचं.

कर्कवॉलचा विमानतळ

लीड्सपासूनचा प्रवास सांगण्यासारखा नाही. भाऊजी विमानतळावर उभे होते. त्या आठवड्यात त्यांचं यंत्र दुरुस्तीला बंदरात ओढून आणलं होतं, म्हणून ते आधीच कर्कवॉलला होते. त्यांनी मला खोली दाखवली. कुकर, तांदूळ, मेतकुटाची बरणी, खिडकीशी आरामखुर्ची. पाळणा अजून खोक्यात होता. "आल्यावर मुक्ता सांगेल तसा लावू," ते म्हणाले, आणि उगाच कुकरची शिट्टी काढून परत बसवली.

बेटावर जाणाऱ्या विमानाला विमान म्हणायला मी तयार नव्हतो. आठ माणसं बसतात. आपल्या सात-आसनी गाडीला पंख लावावेत तसं. काउंटरवरच्या बाईने माझं वजन विचारलं आणि मग माझी जागा ठरवली, पायलटच्या शेजारी. म्हणजे मी जाडजूड असतो तर दुसरीकडे बसलो असतो, आणि तिथे बसलो नसतो तर विमान वाकडं गेलं असतं, असा त्याचा अर्थ मी लावला. भाऊजी काचेच्या दाराशी उभे राहिले. "उद्या सकाळी मी इथेच असेन," म्हणाले.

उडाल्यावर खाली फक्त पाणी होतं, आणि पाण्यात पांढऱ्या रेषा. त्या लाटा नव्हत्या. दोन बेटांमधून समुद्र नदीसारखा धावतो तिथे तशा रेषा दिसतात. पायलटने कानावरचा हेडफोन बाजूला करून मला ओरडून सांगितलं की हवा छान आहे. मी दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती. तेवढ्यातही मी मनात पत्रक लिहीत होतो. मुद्दा असा होता: या देशात एका बाईला बाळंत होण्यासाठी स्वतःचं घर सोडून, समुद्र ओलांडून, भाड्याच्या खोलीत दिवस मोजत बसावं लागतं, आणि कोणाला याची लाज वाटत नाही. वाक्य चांगलं जमलं होतं. ते जमेपर्यंत विमान उतरायला लागलं.

बेट

धावपट्टी म्हणजे कुरणात आखलेली खडीची पट्टी. कडेला एक शेड, शेडमध्ये एक लाल आगगाडी, म्हणजे आग विझवायची गाडी, आणि तिच्या पायरीवर पूर्ण अग्निशामक पोशाखात बसलेली साठीची बाई. ही जीन. विमान उतरताना आणि उडताना तिने तिथे असलंच पाहिजे असा कायदा आहे. विमान गेलं की ती पोशाख काढते आणि बेटावरचं दुकान उघडते. तिने माझी बॅग उचलली, मला तिच्या गाडीत घातलं, आणि रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरून एक बोट वर करून नमस्कार केला. तीन गाड्या भेटल्या. तिन्हींना माहीत होतं मी कोण.

"मुक्ताचा भाऊ ना? उशीर केलास," जीन म्हणाली.

बंदरावरून जाताना मोठी बोट धक्क्याला लागलेली दिसली. ती कर्कवॉलला परत निघायच्या तयारीत होती. धक्क्याच्या तोंडाशी एका बाईने हात दाखवून आमची गाडी थांबवली. ही अ‍ॅलिसन, बेटावरची नर्स. पंचेचाळिशीची, उंच, आवाज सभेत चालेल असा.

"तू भाऊ? ऐक. मुक्ताला घे आणि या बोटीत बसव. आत्ता."

मी म्हटलं की उद्याचं विमान बुक आहे. पंधरा मिनिटं. बोटीला कितीतरी वेळ लागतो.

"बोट दिसतेय मला. उद्याचं विमान मला दिसत नाहीये."

मी ताईला फोन लावला. ताई म्हणाली, बोट लागते तिला, साध्या दिवसांत लागते, या अवस्थेत ती बोटीत पाय ठेवणार नाही. शिवाय बॅग भरून झालेली नाही. अ‍ॅलिसनने माझ्या हातातून फोन घेतला, दोन मिनिटं बोलली, आणि फोन परत देऊन रस्त्याच्या कडेला थुंकल्यासारखं तोंड केलं. बोटीने भोंगा दिला. पुढची बोट परवा होती.

ताईला बघून मी घाबरलो. हे मी तिला सांगितलं नाही. ती दारात उभी होती, एक हात चौकटीवर, आणि पोट इतकं खाली आलेलं की मलासुद्धा, ज्याला यातलं काही कळत नाही, कळलं.

"काय बघतोस? बस. थालीपीठ लावलंय."

थालीपीठ तिथल्या पिठाचं. ऑर्कनीत बेअर नावाचा जुना जव होतो. त्याचं पीठ काळपट, जरा तुरट. तिथले लोक त्याची जाड भाकरीसारखी बॅनक करतात आणि वर लोणी लावतात. ताईने त्यात कांदा, तीळ, ओवा, तिखट घालून थापलं होतं. भाजणीला तोड नाही हे खरं, पण मी पाच खाल्ली. मग जीन खेकड्यांचं बोचकं घेऊन आली, नवऱ्याच्या पिंजऱ्यात आलेले, आणि ताटातलं थालीपीठ उचलून उभ्या उभ्या खाऊ लागली. दार वाजवायची पद्धत नाही तिथे.

मी माझं विमानातलं वाक्य दोघींना ऐकवलं. बाई, घर, समुद्र, भाड्याची खोली, लाज.

जीन म्हणाली, "माझी तिन्ही तिकडेच झाली. दर वेळी कर्कवॉलला खिडकीत बसून राहिले. नवरा इथे गुरं बघायचा. तिसऱ्या वेळी तर मी त्याचा चेहरा विसरले होते."

"मग? राग नाही आला?"

"आला की. पण राग आला म्हणून बोट चुकवली नाही कधी," जीन म्हणाली आणि ताईकडे बघितलं.

ताईने विषय वळवला. "चिनू, आपल्याकडेही बाई घर सोडूनच बाळंत होते रे. आपण त्याला माहेर म्हणतो आणि ओटी भरतो, एवढंच."

"माहेरी आई असते. कर्कवॉलला काय असतं?"

"तिथे रक्ताची पिशवी असते," ताई म्हणाली. "आईकडे ती नसते."

जीन गेल्यावर मी बाहेर जाऊन उभा राहिलो. समोरच्या बेटावरचा दिवा लागला होता, उजेड असूनही. मी बघत असताना तो दिवा दिसेनासा झाला. मला वाटलं विझवला असेल.

धावपट्टी

सकाळी खिडकीबाहेर काही नव्हतं. कुंपण नाही, गुरं नाहीत, समुद्र नाही. धुक्याला आपण महाबळेश्वरी वगैरे म्हणून फोटो काढतो. हे तसलं नव्हतं. हे समुद्रावरून आलेलं, थंड, ओलं, आणि हलत नव्हतं. अंगणात तारेवर वाळत घातलेला टॉवेल मला दारातून दिसत नव्हता.

तरी आम्ही धावपट्टीवर गेलो. जीन शेडमध्ये पोशाख चढवून बसली होती. विमान येणार नाही हे तिला माहीत होतं, पण रद्द झालं असं अधिकृत कळेपर्यंत तिला उठता येत नाही. भाऊजींचा फोन आला. ते कर्कवॉलच्या विमानतळावर उभे होते.

"इथे ऊन पडलंय रे," ते म्हणाले. "स्वच्छ ऊन. विमान समोर उभं आहे. पायलट कॉफी पितोय."

"मग पाठवा ना."

"इथून उडेल. तिथे उतरणार कुठे?"

मी जे करतो ते केलं. फोन लावायला लागलो. विमान कंपनीला, कौन्सिलला, आरोग्य खात्याला. प्रत्येक ठिकाणी वाट बघायचं संगीत. एका मुलीला मी दहा मिनिटं सुनावलं की हा मूलभूत हक्काचा प्रश्न आहे, आणि तिने सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "सर, तुमची तक्रार नेमकी कोणाविरुद्ध नोंदवू?" जीन शेडच्या बाकावर बसून ऐकत होती. "धुक्याविरुद्ध म्हण," ती म्हणाली. "त्याला उत्तर द्यायला अठ्ठावीस दिवस लागतात."

मला तिचा इतका राग आला की मी शेडच्या बाहेर गेलो. चार पावलं गेलो आणि मागे वळलो तर शेड नव्हती. मी जागच्या जागी थांबलो. कुठे वळलो होतो ते आठवेना. हाक मारली तर आवाज माझ्याच तोंडाशी पडला. मग ताईचा आवाज आला, आणि तो हाक मारल्याचा नव्हता.

ती बाकाच्या कडेला दोन्ही हात रोवून वाकली होती. खाली फरशी ओली होती.

"ताई, चहा सांडला का?"

"चहा नाही रे, गाढवा," ताई दात आवळून म्हणाली.

अ‍ॅलिसन पाच मिनिटांत आली. मला बाहेर काढलं, पण शेडला दुसरी खोली नव्हती, तेव्हा मी आगगाडीच्या पलीकडे उभा राहून सगळं ऐकत होतो. ताईचा रक्तदाब वाढलेला होता. बाळ उलटं नव्हतं, पण सरळही नव्हतं. अ‍ॅलिसन कोणाला तरी फोनवर हे सांगत होती, सपाट आवाजात, एकेक शब्द सुटा करून. कोणी असं बोलायला लागलं की समजावं. आमच्याकडे बसच्या अपघातानंतर ड्रायव्हर असंच बोलतात.

माझ्या खिशात फोन वाजला. आई. "निघालात का?"

मी सांगितलं.

"दुखतंय? असं कसं दुखेल? आत्ता कुठे नववा लागलाय."

"आई, तो लागून महिना झाला."

पलीकडे आईने गॅस बंद केला. स्वयंपाकघरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग आई म्हणाली, "नर्सबाईंना दे."

मी फोन अ‍ॅलिसनकडे दिला. आईचं इंग्रजी मोजकं आहे आणि ती फोनवर ओरडून बोलते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. ती म्हणाली की तुमचं मोजणं बरोबर होतं, माझं चुकलं, माझ्या मुलीला बोलू नका. अ‍ॅलिसनने एक क्षण डोळे मिटले. "मी तिला आता काही बोलणार नाहीये," ती म्हणाली. "तिला बरं करून तुमच्याकडे दिल्यावर बोलेन. दोघींनाही."

कोस्टगार्डचं हेलिकॉप्टर निघालं असं कळलं. आम्ही वाट बघितली. मग ते ऐकू आलं. मला आयुष्यात इतका आनंद कशाचा झाला नव्हता. आवाज वाढत गेला, शेडचा पत्रा थरथरायला लागला, आणि आवाज थेट आमच्या डोक्यावर आला. जीन आगगाडीत चढून सगळे दिवे लावत होती. मी पट्टीवर धावत गेलो, वर बघून दोन्ही हात हलवत. वर पांढरं होतं. ते तिथेच होतं, माझ्या डोक्यावर, त्याचा वारा मला लागत होता, आणि मला ते दिसत नव्हतं आणि त्याला मी. एकदा आवाज पुढे गेला, वळला, परत आला. मग पुन्हा. मग तो बारीक होत गेला.

मी आत आलो तेव्हा ताईने माझ्याकडे बघितलं. तिला ऐकू आलंच होतं.

"गेलं का?"

"परत येईल."

"खोटं तुला कधी बोलताच आलं नाही," ती म्हणाली. मग कळ आली आणि तिने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांचे वळ दोन दिवस होते.

बोट

लाइफबोट, म्हणजे समुद्रातल्या बचावाची बोट, कर्कवॉलहून निघाली होती. ती चालवणारे पगारी नसतात. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात. धक्क्यावर आम्ही तिचा भोंगा ऐकला, मग नारिंगी रंग धुक्यातून एकदम इतका जवळ आला की मी मागे सरकलो. ताईला स्ट्रेचरवर बांधून उतरवलं. ओहोटी होती, बोट धक्क्याच्या बरीच खाली होती, आणि त्या मधल्या जागेत, जिथे ताई दोरांवर लटकत होती आणि खाली काळं पाणी होतं, मी देवाचं नाव घेतलं. मी देव मानत नाही. नाव घेतलं.

जीन वर धक्क्यावर राहिली, अजूनही अग्निशामक पोशाखात. अ‍ॅलिसन आमच्याबरोबर उतरली.

आतल्या केबिनमध्ये इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा वास. एकजण रडारच्या पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यांकडे बघत होता, एकजण पुढे उघड्यावर उभा राहून ऐकत होता. हो, ऐकत. दिसत काही नव्हतंच. माझ्याजवळ बसलेल्याने, तो एरवी सुतारकाम करतो, मला पट्टा बांधला आणि म्हणाला, "तू तिच्याशी बोलत राहा. कशाबद्दलही. थांबू नको."

मी बोलायला लागलो तर मला काही सुचेना. शेवटी मी आमच्या वाचवलेल्या बसची गोष्ट सांगायला लागलो, कुठल्या थांब्यावर कोण चढतं, कुठे वळते.

"चिनू," ताई म्हणाली, "दुसरं काही."

"काय सांगू?"

"काहीही. बस नको."

थोड्या वेळाने बोट आडवी जायला लागली. नाक एकीकडे आणि जाणं दुसरीकडे. विमानातून मी ज्या पांढऱ्या रेषा बघितल्या होत्या त्यांच्यात आता आम्ही होतो. भाऊजी याच प्रवाहाबद्दल बोलताना एरवी थांबत नाहीत, किती ताकद, किती घरांना वीज. ती ताकद बोटीच्या तळाला धरून आम्हाला ओढत होती. भांडी आदळावीत तसे आवाज खालून येत होते. ताईला उलटी झाली, मग पुन्हा. अ‍ॅलिसन गुडघ्यांवर बसली होती, एक हात छताच्या कडीला, एक ताईच्या पोटावर. ताई विचारत होती, "हलतंय का? ऐकू येतंय का?" आणि अ‍ॅलिसन म्हणाली, "एवढ्या आवाजात मला माझं हृदय ऐकू येत नाही." खरं बोलली. मला वाटलं, तिने त्या वेळी खोटं बोलायला हवं होतं.

मग भोंगा वाजला. आमचा नाही. दुसरा, एखाद्या मोठ्या जहाजाचा, कुठूनतरी डावीकडून. पुढे उभ्या असलेल्याने हात वर केला. इंजिन मंदावलं. पुन्हा भोंगा, आणि तो जवळ होता. सुताराने माझ्या पट्ट्याचा हूक तपासला आणि मग ताईचा. त्याने तो का तपासला हे मला कळलं. मी ताईच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, घामाने ओलं. मला लहानपणी ताप आला की ती असाच हात ठेवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि ते मी तिला सांगितलं. पाण्याचा एक मोठा फुगवटा आम्हाला उचलून खाली सोडून गेला. भोंगा मागे पडला.

"माझा हात फार मऊ होता असं सांग," ताई म्हणाली. "नाहीतर सांगू नको."

"मऊ होता. लसणाचा वास यायचा."

ती हसली आणि त्या हसण्याची कळ झाली. अ‍ॅलिसनने घड्याळ बघितलं आणि पुढे ओरडून सांगितलं की वेग वाढवा. पडद्याकडे बघणाऱ्याने मान हलवली, नाही अशी. ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग त्याने थोडा वाढवला.

कर्कवॉलच्या बंदराच्या तोंडाशी धुकं संपलं. विरळ होत गेलं नाही, संपलं. ऊन होतं. धक्क्यावर लोक आइस्क्रीम खात होते. भाऊजी अँब्युलन्सच्या दाराशी उभे होते, पायात वेगवेगळे बूट घालून.

हॉस्पिटल

तिला लगेच आत नेलं. ऑपरेशन करावं लागलं. भाऊजी तिच्याबरोबर गेले, मी बाहेरच्या खुर्चीत बसलो. किती वेळ ते सांगत नाही, मी बघितलंच नाही. आईचा फोन चालू होता. ती नुसती लाइनवर होती.

मुलगी झाली. ताईचं रक्त बरंच गेलं, आणि ती पिशवी, जिच्याबद्दल ती थालीपीठ खाताना बोलली होती, तिला लागली. एक नाही, दोन. डॉक्टर म्हणाल्या की आता ठीक आहे. मी त्यांना विचारलं, अजून उशीर झाला असता तर? त्या म्हणाल्या, "तुम्हाला ते माहीत करून घ्यायचंय का?" मी नाही म्हटलं. मी, जो प्रत्येक सभेत उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसत नाही.

आईला सांगितलं. ती रडली, मग मुलीचं वजन विचारलं, मग म्हणाली, "ताईला सांग, मी गुडघ्याला पट्टा बांधून येतेय." आणि मग, "आणि त्या नर्सबाईंना जेवायला घाल."

मी अ‍ॅलिसनला शोधायला निघालो. ती कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती. अंगावरचे कपडे अजून ओले होते.

"विलीने गोळी घेतली का? छातीत परत दुखलं का? जीन, त्याला उठू देऊ नको. नाही, अजून मला बोट मिळालेली नाही."

फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

"विली कोण?"

"ब्याऐंशी वर्षांचा आहे. एकटा राहतो. या आठवड्यात दोनदा छातीत दुखलंय. आज त्यालाही विमानाने इकडे आणायचं होतं, मुक्ताच्या शेजारच्या सीटवर. बोटीचे हेलकावे त्याला सोसले नसते."

"मग आत्ता त्याच्याजवळ कोण आहे?"

"जीन."

"नर्स कोण आहे?"

"मी," अ‍ॅलिसन म्हणाली. "माझ्याबरोबर आलटून पालटून काम करणारी नर्स सुट्टीवर आहे. तिच्या जागी कोणी पाठवलं नाही."

सकाळपासून मी संतापलेला होतो, की आमच्यासाठी कोणी काही करत नाही. विमान नाही, हेलिकॉप्टर नाही, फोनवर माणूस नाही. आणि एक माणूस होतं ते आम्ही बेटावरून उचलून घेऊन आलो होतो. मी तिला थांबा म्हटलं, खोलीवर कुकर आहे, वरण-भात लावतो, थोडं झोपा, सकाळी धुकं गेलं की जा. तिने जॅकेटची चेन वर ओढली.

"सकाळपर्यंत विलीने काय करायचं?"

एक खेकडेवाला संध्याकाळी तिकडेच निघाला होता. तो तिला न्यायला तयार झाला. मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधून मिळालं ते घेतलं, चीज सँडविच आणि दोन केळी, आणि तिच्याबरोबर धक्क्यावर गेलो. बोट लहान होती. सकाळच्या लाइफबोटीच्या केबिनएवढीच सगळी बोट. मी म्हटलं की याबद्दल मी लिहिणार आहे.

"लिही. माझं नाव नको. विमानावर लिहू नको, धुक्यात ते कोणालाच उतरवता येत नाही. दुसरी नर्स हवी एवढं लिही. आणि तुझ्या लोकांना महिने नीट मोजायला सांग."

"अ‍ॅलिसन, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"आत्ता? वाटते की," ती म्हणाली. ती सँडविचचं प्लास्टिक उघडत होती आणि ते काही सुटेना, म्हणून मी ते तिच्या हातातून घेऊन उघडून दिलं. "पण जाताना कमी वाटते. विली मेलेला सापडेल की काय, याची जास्त वाटते."

ती उतरली. खेकडेवाल्याने दोर सोडला. बंदरात ऊन होतं, पाणी चमकत होतं, मागे आइस्क्रीमची रांग होती. पुढे समुद्रावर ती पांढरी भिंत तशीच उभी होती. बोट तिच्यात शिरली. इंजिनाचा आवाज आणखी थोडा वेळ येत राहिला, मग तोही ऐकू येईनासा झाला.

भाऊजींचा फोन आला की ताई जागी झाली आहे, ये, बाळ बघ. मी येतो म्हटलं. अ‍ॅलिसन पोचल्याचा जीनचा फोन येईपर्यंत मी धक्क्यावरून हललो नाही.